मेंढरांचा हिवाळा

दुष्काळी मुलखातल्या कुणालाही विचारलं, की बाबा, वर्षातला अवघड काळ कोणता, तर तो उन्हाळा म्हणंल. माणसाच्या बाबतीत ते खरंच आहे. विहिरी आटतात, टँकरची वाट बघावी लागते, हंड्यांची रांग लागते. पण मेंढरं राखणाऱ्या घरात हाच प्रश्न विचारा. तिथली जुनी माणसं सांगतील, उन्हाळ्यात मेंढरू वाळतं खरं, पण ते जगायचं का मरायचं हे हिवाळ्यातच ठरलेलं असतं.

याला कारणं आहेत. आमच्या माणदेशात मृगाचा पाऊस पडला, चार हिरव्या काड्या पोटात गेल्या, की मेंढ्या माजावर येतात. मेंढी पाच महिने गाभण राहते. म्हंजे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत कोकरं पडायला लागतात. आईच्या पोटात चारा नसला तर आचळात दूध नसतं, आणि आचळात दूध नसलं तर कोकरू पहिली थंडी काढत नाही. दुसरं कारण कुसळाचं. दसऱ्यापर्यंत माळावरचं गवत गोड असतं. त्यानंतर कुसळी गवताला भाल्यासारखी टोकदार कुसळं येतात. ती मेंढराच्या तोंडात टोचतात, डोळ्यात जातात, लोकरीत शिरून कातड्यात रुततात. बाहेरनं माळ पिवळाधम्मक दिसतो, बघणाऱ्याला वाटतं केवढा चारा आहे, पण मेंढरू त्यात तोंड घालायला बघत नाही. तिसरं कारण शाळूचं. आमच्याकडं शाळू पेरतात आश्विनात आणि काढतात माघ-फाल्गुनात. ते चार महिने काळी रानं पिकाखाली अडकलेली. बांधावर मेंढरू दिसलं तरी शेतकरी दगड उचलतो, आणि त्याचंही काही चुकत नाही.

तर दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मेंढरानं खायचं काय, हा प्रश्न माझ्या आज्याला होता, बापाला होता, मला आहे आणि माझ्या पोराला त्याचं उत्तर नव्यानं शोधावं लागतंय. तीन-चार पिढ्यांत हे उत्तर कसकसं बदललं तेच मला इथं लिहायचं आहे. मी दहावी शिकलेला माणूस. शाळेच्या इतिहासात लढाया पुष्कळ होत्या. मेंढरं कधी काय खात होती हे त्यात नव्हतं. ते मी घरात ऐकलं, काही पाहिलं आणि काही मागाहून वाचलं.

आधी जनावराबद्दल सांगतो. आमचं मेंढरू दख्खनी जातीचं. रंगानं बहुतेक काळं, एखाद्याच्या कपाळावर पांढरा टिळा. मान बारीक, छाती अरुंद, नाक जरा फुगीर, कान लोंबते, शेपूट बोटाएवढं. मेंढी पुरती वाढली तरी अठ्ठावीस-तीस किलोची. मेंढ्याला शिंगं असतात, मेंढीला बहुधा नसतात. लोकर राठ, केसाळ, आणि वर्षात दोनदा कातरून सगळी मिळून अर्धा किलोच्या आतबाहेर. बाजारात उभं केलं तर गिऱ्हाईक दोनदा बघणार नाही असं हे जनावर. पण दिवसाला आठ-दहा मैल चालेल, काट्यातला पाला ओरबाडेल, दोन दिवस अर्धपोटी राहील आणि तिसऱ्या दिवशी कोकराला पाजेल.

हे जनावर या मातीत किती जुनं आहे ते मला मोठेपणी कळलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव म्हणून गाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. घरं, कोठारं, धान्य आणि जनावरांची हाडं. त्यांत शेळ्यामेंढ्यांचीही हाडं होती. डॉ. ढवळीकरांनी असं मांडलं, की इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास पाऊसमान घटलं, शेती साथ देईना, तशी ती माणसं शेळ्यामेंढ्यांच्या मागं भटकी होत गेली. हे वाचलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. पाऊस हटला की माणूस मेंढराच्या मागं चालायला लागतो, हे आमच्या घरानं किती वेळा केलं असेल त्याची गणतीच नाही.

माझ्या आज्याचा हिवाळा चालण्यात जायचा. त्याची दीडशे मेंढरं होती. आसपासच्या तीन-चार घरांची मिळून पाच-सहाशे मेंढरं आणि घोड्यांवर बिऱ्हाडं, असा वाडा निघायचा. आमच्यात वाडा म्हंजे दगडमातीचा नव्हे, मेंढरांसकट चालणाऱ्या बिऱ्हाडालाच वाडा म्हणतात. दिवाळी झाली, देवाला भंडारा वाहिला, की तोंड पश्चिमेला करायचं. फलटणच्या अंगानं वर सरकत घाट उतरून कोकणात. घोड्याच्या पाठीवर पीठमीठ, भांडी, वाघर, आणि वर जाळीत बांधलेली चार दिवसांची कोकरं. वाघर म्हंजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, ती खुंट्यांवर ताणली की झाला कोंडवाडा. बायामाणसं घोड्याबरोबर पुढं जाऊन मुक्काम धरायची, गडीमाणसं मेंढरं चारत मागनं यायची. माझी आज्जी ओली बाळंतीण असताना घाट उतरली होती. वाटेत मेंढीही व्याली आणि ती पण थांबली नाही, असं ती हसून सांगायची.

कोकणच का? तिथं भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे होते. रानं मोकळी पडतात. जमिनीत ओल असते, त्यामुळं भाताच्या बुडख्यांना पुन्हा हिरवे फुटवे येतात. बांधावर, डोंगरउतारावर पाला असतो, थंडी घाटावरच्यासारखी बोचरी नसते. आणि कोकणातल्या शेतकऱ्याला मेंढराची लेंडी हवी असते. रात्री त्याच्या खाचरात मेंढरं बसवायची आणि त्याबद्दल भात घ्यायचं, असा सौदा. आज्याच्या सांगण्यात शेकड्यामागं रात्रीला पायली-दीड पायली भात असा हिशोब असायचा. दीडशे मेंढरं म्हंजे घराचा चार महिन्यांचा भात सुटायचा, वर थोडं विकायलाही उरायचं. म्हंजे बघा, हिवाळ्यात मेंढरांना चारा विकत घ्यायचा हा प्रकारच नव्हता. मेंढरू चारा खायचं आणि त्यावर माणसाला भातही मिळवून द्यायचं.

वळिवाचे ढग दिसायला लागले की वाडा माघारी फिरायचा. कारण कोकणातला पावसाळा दख्खनी मेंढराला सोसत नाही. खुरं चिघळतात, लोकर भिजून अंगावर बसते, छाती भरते. म्हणून पावसाळा माणदेशाच्या कोरड्या माळावर आणि हिवाळा कोकणच्या खाचरात. हे वेळापत्रक कुणा साहेबानं लिहिलेलं नव्हतं. मेंढराच्या खुरांनी आणि पोटानं ते ठरवलं होतं. आजा म्हणायचा, "मेंढराचं प्वाट त्याच्या पायात असतंय. पाय थांबलं की प्वाट थांबलं."

पाय थांबवायला सुरुवात मात्र फार आधीच झाली होती. इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला. जी रानं गावाची वहिवाटीची होती त्यातली कितीतरी राखीव झाली. चराईला परवाना, नाहीतर दंड. मेंढरं धरून कोंडवाड्यात घालायची. आज्याच्या बोलण्यात 'फारेष्ट' हा शब्द वाघाच्या खालोखाल यायचा. वाघ एक मेंढरू न्यायचा, फारेष्टवाला दंडापायी दोन विकायला लावायचा. त्या कायद्याआधीच १८७६ चा मोठा दुष्काळ पडला होता. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव ही त्याच काळातल्या दुष्काळी कामाची खूण. पुढं भाटघरचं धरण झालं, नीरेचे कालवे वाहायला लागले. कालव्याखाली ऊस आला. जिथं हिवाळ्यात बाजरीच्या कापल्या रानातनं वाडा जायचा, तिथं बारमाही हिरवी भिंत उभी राहिली. उसाला मी नावं ठेवत नाही, त्यानं कितीकांची घरं उभी केली. पण वाड्याची वाट अरुंद झाली, हेही खरं.

आमचं चालणं थांबलं ते १९७२ ला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पाऊस आधीची दोन वर्षंसुद्धा जेमतेमच होता, त्या साली पार दडी मारली. सगळ्या गावानं दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले. जनावरांसाठी छावण्या निघाल्या, पण आमच्या भागातल्या छावणीत गाय, बैल, म्हैस घ्यायचे. मेंढरू घ्यायचे नाहीत. दावणीला बांधलेलं तेवढंच जनावर, अशी तिथली समजूत असावी. बाप दोन दिवस छावणीच्या दारात बसून माघारी आला. आज्याच्या दीडशेतली बरीचशी मेंढरं कवडीमोलानं खाटकाला गेली, काही वाटेत पडली. वर्ष सरलं तेव्हा चौदा मेंढ्या आणि एक मेंढा एवढेच उरले. आमच्या शेजारच्या मुलखावर व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' लिहिली, ती १९५५ सालची. त्यातही दुष्काळानं शेवटी वाडी ओस पडते. मी ती शाळेत असताना वाचली आणि मला ती गोष्ट वाटलीच नाही. आमच्याच आळीतलं कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटलं.

चौदा मेंढरांवर वाडा निघत नाही. घोडं पोसण्याइतकंही त्यात सुटत नाही. शिवाय आईचा हट्ट होता, की पोरानं शाळा शिकायची, घोड्यामागं फिरायचं नाही. म्हणून बाप गावातच थांबला. तीन एकर रान, त्यातलं एक एकर मुरमाड, आणि चौदा मेंढ्या. आमच्या घराण्यात मेंढरांनी एका जागी हिवाळा काढायची ती पहिली वेळ.

एका जागी मेंढरू पोसणं ही वेगळीच विद्या होती आणि ती बापाला येत नव्हती. चालणाऱ्या धनगराला कुठल्या घाटात कुठला पाला हे ठाऊक असतं, गंज कशी रचायची ते ठाऊक नसतं. ही विद्या आईनं आणली. ती माहेरची शेतकऱ्याची. तिनं पहिल्या सालापासून नेम घातला, की खळ्यातलं काहीही पेटवायचं नाही आणि वाऱ्यावर सोडायचं नाही. भाद्रपद-आश्विनात मटकी, हुलगा, चवळी मळली की त्यांचं काड आणि भुसकट गोणीत. भुईमूग उपटला की त्याचे वेल उन्हात वाळवून, पानं न झडता, माचावर. पौषात तुरी बडवल्या की तुरीचं भुसकट. माघात हरभऱ्याचं. बाजरीचं सरमाड आणि शाळूचा कडबा बैलांना, पण बैलांच्या पुढ्यातनं गळलेला पाचोळा मेंढरांना. मेंढराला कडब्याचं धाट आवडत नाही, ते नुसती पानं वेचतं. डाळवर्गाचं भुसकट मात्र ते चाटूनपुसून खातं आणि अंगालाही तेच लागतं. आई म्हणायची, "मामंजी म्हणायचं प्वाट पायात असतंय. आता पाय बांधलं, तवा प्वाट गंजीत असू द्या."

त्या काळात घरात बसलेले नेम मी अजून पाळतो. हिवाळ्यात मेंढरं सकाळी लवकर सोडायची नाहीत. दव वाळू द्यायचं. दवाच्या ओल्या गवताबरोबर जंताची पिल्लं पोटात जातात, आणि रिकाम्या पोटी ओला लसूणघास खाल्ला तर मेंढरू ढोलासारखं फुगतं, घटकाभरात आडवं होतं. म्हणून आधी वाघरीतच मूठमूठ सुकं भुसकट टाकायचं, ऊन कासराभर वर आलं की मग बाहेर काढायचं. दुपारी बोरीचा, लिंबाचा, शेवरीचा पाला. सुबाभूळ द्यायची ती दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, थोडी. एकटी दिली तर मेंढराची लोकर गळते, हे आमच्या आळीनं डोळ्यांनी बघितलंय. दिवस मावळताना पुन्हा सुका चारा, तोही सकाळपेक्षा जास्त. ही गोष्ट शहरातल्या माणसाला उलटी वाटते. पण मेंढराच्या पोटात सुका चारा रात्रभर कुजत राहतो आणि त्याची ऊब अंगाला मिळते. माणूस थंडीत अंगणात शेकोटी करतो, मेंढरू ती पोटात करतं. शेकोटीला रात्रभर पुरंल एवढं जळण संध्याकाळीच घालायचं असतं.

पाणी कोमट उन्हातलं पाजायचं, पहाटेचं गार नाही. पाणी कमी प्यालं की सुकं भुसकट पोटात बसून राहतं. मिठाचा खडा दावणीत कायम. आणि उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पडतात तेव्हा पोरांना पाठवून गोळा करायच्या, वाळवून पोत्यात भरून ठेवायच्या. हिवाळ्यात गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात त्या भरडून द्यायच्या. पुढं हाताशी पैसा आला तसा मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, पेंड असं मिळून पाव किलोपर्यंत आम्ही द्यायला लागलो. पण पंचवीस वर्षं आमच्या मेंढ्यांचं बाळंतपण बाभळीनंच केलं.

आता हिशोब सांगतो, कारण मेंढरं पाळणाऱ्याला शेवटी तोच लागतो. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो सुका चारा लागतो. माझ्याकडं आज अठरा मेंढ्या आहेत. दिवाळी ते शिमगा एकशेवीस दिवस धरले तर २,१६० किलो. त्यातला निम्मा रानातनं, बांधावरनं, पाल्यावर भागतो. उरलेला अकराशे किलो गंजीत असायला हवा. दसऱ्याला मी गंजीपुढं उभा राहून हा आकडा मनात धरतो. कमी भरला तर मेंढ्या तेव्हाच विकायच्या, अंगावर मांस असताना. पौषात हाडं विकायला काढली तर व्यापारी हाडाचाच भाव देतो. १९७२ नं आमच्या घराला एवढं शिकवलं, की चारा आणि तोंडं यांचा मेळ दसऱ्यालाच घालायचा.

या मधल्या काळात आमच्या मेंढरावर सुधारणेच्या लाटा येऊन गेल्या. पहिली लोकरीची. मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी जातींचे मेंढे दख्खनीवर घालून मऊ, जास्त लोकरीची पैदास करायचे प्रयत्न सरकारी पातळीवर झाले. राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून मेंढ्यांची मोठी संशोधन संस्था आहे, आपल्याकडं १९७८ मध्ये महामंडळ आलं, दहिवडी, महूद, रांजणी अशा ठिकाणी फार्म उभे राहिले. त्या संकरातली काही मेंढरं मी जवळनं पाहिली. गुटगुटीत होती, दिसायला देखणी. पण त्यांना दावणीला वेळच्या वेळी खुराक लागायचा. आमच्या बांधावरच्या बोरीवर त्यांचं भागत नव्हतं. आणि लोकरीचंही गणित वेगळं होतं. आमची लोकर घ्यायचा तो सणगर, घोंगडी विणायला. त्याला राठ लोकरच लागते. ती पिंजून, कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन जी घोंगडी होते, तिच्यावर पडलेला पाऊस ओघळून जातो. मऊ लोकर त्याच्या कामाची नाही. पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर तेवढी मऊ, तिची घोंगडी म्हातारीकोतारी आणि बाळंतिणी मागायच्या.

पुढं घोंगडीचीच मागणी आटली. गिरणीचं ब्लँकेट स्वस्त मिळायला लागलं. आज कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, आणि कित्येक ठिकाणी लोकर उकिरड्यावर जाते. मेंढराच्या अंगावरचं अर्धं उत्पन्न गेलं, पण ती लोकर वाढवायला लागणारा चारा काही कमी झाला नाही. हिवाळ्याच्या तोंडावर कातरलेलं मेंढरू तर ऊब धरायला जास्तच खातं. म्हणून मी दिवाळीनंतर कातरत नाही.

दुसरी लाट जुळ्यांची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालमधल्या सुंदरबनातली गरोळ जातीची मेंढरं आणली. गरोळ म्हंजे आमच्यापेक्षाही लहान, दहा-पंधरा किलोचं मेंढरू, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणारं. तो गुण दख्खनीत उतरवून त्यांनी सुवर्णा नावाची पैदास तयार केली. गंमत अशी, की ऑस्ट्रेलियात बुरूला म्हणून जुळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या आहेत. त्यांच्यातही हाच गुण आहे आणि तो १७९० च्या दशकात बंगालमधनं जहाजानं गेलेल्या मेंढरांमधून आला असावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. साहेबाच्या देशातनं मोठं मेंढरू आणून आमचं सुधारायचं, हेच आम्ही ऐकत आलो होतो. इथं सुंदरबनच्या चिखलातल्या इवल्याशा मेंढीचा गुण कामी आला, याचा मला आनंद झाला.

पण जुळं म्हंजे पोटात दोन आणि आचळाला दोन. आमच्या भावकीत एकानं अशा मेंढ्या ठेवल्या. ज्यानं शेवटच्या दीड महिन्यात भरडा दिला त्याचं दुप्पट झालं. ज्याची गंज दसऱ्यालाच अर्धी होती, त्याची मेंढी आठवं-पंधरवडा आधीच बसली आणि दोन्ही कोकरांसकट गेली. मेंढीच्या रक्तात काय आहे आणि गंजीत काय आहे, दोन्ही जुळायला लागतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि जात निवडताना माणूस तीच विसरतो.

तिसरी लाट आत्ताची, ती पाण्याची. उरमोडीचं पाणी माण तालुक्यात आलं, आटपाडीकडं टेंभूचं. ज्या माणदेशाची मेंढरं पाण्यासाठी कोकणात जायची तिथं डाळिंब, ऊस, मका दिसायला लागला. कितीतरी गावांनी श्रमदानानं चर खोदले, त्यासाठी चराईबंदी केली. त्यानं डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आलं, हे मी मान्य करतो. हिवरे बाजारसारख्या गावानं चराई बंद करून गवत कापून न्यायची मुभा ठेवली, हे शहाणपणाचं. पण सगळीकडं तसं झालं नाही. ज्याच्याकडं विळा, गाडी आणि दावणीची म्हैस आहे त्याला गवत मिळालं. ज्याच्याकडं रान नाही आणि मागं पन्नास मेंढरं आहेत, तो पुन्हा छावणीच्या दारातल्या माझ्या बापासारखा बाहेरच राहिला. गावानं चराईबंदीचा ठराव करताना मेंढक्याला बैठकीला बोलवावं, त्याच्या वाट्याचं गवत कुठलं हे त्याच ठरावात लिहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

बदल आणखीही झाले. मटकी-हुलगा कमी झाला, सोयाबीन आलं. त्याचं भुसकट मेंढरं खातात, मळणी यंत्रातनं ते बारीकच निघतं, पण मटकीच्या काडाची गोडी त्याला नाही. पूर्वी खळ्यातलं भुसकट शेजारी फुकट न्यायला सांगायचा, आता त्याचाही ट्रॉलीवर भाव ठरतो. दुसऱ्या बाजूनं बागायतदाराला रासायनिक खताचे हात लागले तशी लेंडीची किंमत कळली. आमच्या खालच्या अंगाला मेंढरं बसवायला आता रोख पैसे मिळतात. आज्याच्या भाताच्या पायलीचंच हे नवं रूप.

आणि घरातला प्रश्न. पोराचं म्हणणं, काळी मेंढरं विकून मडग्याळ घेऊ. जत तालुक्यातल्या मडग्याळ गावच्या नावाची ही जात. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, उंच, पोपटासारखं नाक. कोकरू बघता बघता वाढतं. आटपाडीच्या बाजारात नामांकित मेंढ्यांना लाखांत बोली लागते. पोराचा हिशोब कच्चा नाही. तो म्हणाला, "आबा, पंचेचाळीस किलोच्या मेंढीला दीड किलो चारा धरा. तुमच्या अठरा मेंढ्यांच्या गंजीवर माझ्या बारा बसतात. कोकरं सहा कमी, पण पैसा जास्त."

मी म्हणालो, "चांगल्या सालात तुझं खरं हाय. वाईट सालात सांग. गंज निम्मी झाली तर माझी काळी मेंढी अर्ध्या किलोवर आणि बोरीच्या काट्यावर तग धरंल. तुझीला पाऊण किलोवर ठेवलं तर ती कोकरू टाकंल."

"वाईट साल आलं तर चारा विकत घेऊ."

"वाईट सालात सगळंच गाव चारा विकत घ्यायला निघतं, पोरा."

यावर तो गप्प बसला, पण त्याला पटलं असं नाही. सूनबाईनं मधला मार्ग काढला. यंदा चार मडग्याळ मेंढ्या आणल्या आहेत आणि चार काळ्या विकल्या आहेत. म्हंजे चौदा काळ्या आणि चार पांढऱ्या. १९७२ नंतर उरल्या होत्या तेवढ्याच काळ्या माझ्याकडं आहेत, हे माझ्या ध्यानात आलं, पण मी घरात बोललो नाही. चार मोठ्या तोंडांपायी दिवसाचा चारा दोन किलोनं वाढतो. चार महिन्यांचे २४० किलो. ते पोरानं सोयाबीनच्या भुसकटानं भरून काढायचं ठरलंय, आणि त्याची गंज वेगळी रचली आहे. दोन्ही गंजींतलं रोजचं वजन सूनबाई वहीत लिहिते. कोकरं किती पडली, किती जगली, शिमग्याला मेंढीच्या पाठीवर हात फिरवला तर मणका किती लागतो, तेही लिहायला सांगितलंय.

इनामगावच्या माणसांनी वही ठेवली नाही, माझ्या आज्यानंही ठेवली नाही. त्यांचा हिशोब हाडांवरनं आणि गोष्टींवरनं काढावा लागला. आमचा निदान लिहिलेला राहील. शिमगा झाला की वही उघडू, आणि आकडे ज्या बाजूला असतील त्या बाजूनं पुढच्या दसऱ्याला गंज रचू.